हैदराबाद ते शिकागो : अंतर आणि काळ

१३ फेब्रुवारी १८९३ रोजी सिकंदराबादच्या महबूब कॉलेजात स्वामी विवेकानंदांनी आपल्या पाश्चात्य देशांतील नियोजित कार्याविषयी व्याख्यान दिले. ३१ मे रोजी ते मुंबईहून बोटीने निघाले आणि सिंगापूर, हाँगकाँग, जपान या मार्गाने पॅसिफिक महासागर ओलांडून जुलैअखेर शिकागोस पोहोचले. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाने हैदराबादहून शिकागोस वाटेत न थांबता जाणारे विमान सुरू केले, तेव्हा दोन महिन्यांचा हा प्रवास सुमारे सोळा तासांवर आला.

या दोन शहरांतील अंतर किती? वर्गातील भिंतीवरच्या मर्केटर पद्धतीच्या नकाशात पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका व अटलांटिकवरून जाते. त्या वाटेने सुमारे १६,१०० किलोमीटर भरतात. तोच दोरा पृथ्वीच्या गोलावर ताणून धरला, की तो हैदराबादहून जवळजवळ सरळ उत्तरेस जातो, ७९ अंश अक्षांशापर्यंत चढतो आणि मग शिकागोकडे उतरतो. ही लांबी सुमारे १३,२८० किलोमीटर आहे. हवामान व हवाई हद्दी यांमुळे विमानाची प्रत्यक्ष वाट याहून थोडी लांबते.

या गणितास पृथ्वीचे मान नेमके ठाऊक असावे लागते. ते ठरविण्याच्या कार्यात आपल्या भूमीचाही वाटा आहे. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून आरंभलेली त्रिकोणमितीय मोजणी निजामाच्या मुलखातून उत्तरेकडे सरकली. १८२३ मध्ये हैदराबादहून नागपूरकडे जात असता हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले.

अंतर स्थिर असले तरी काळ स्थिर नसतो. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरल्यास पावणेपंधरा तास लागतील. ताशी १०० किलोमीटरचा वारा सतत समोरून आला तर साडेसोळा तासांहून अधिक, आणि पाठीशी राहिला तर सव्वातेरा तास. पृथ्वी फिरते म्हणून एका दिशेचा प्रवास लवकर होतो, ही समजूत चुकीची आहे; वातावरण पृथ्वीबरोबरच फिरते. फरक पडतो तो वाऱ्यामुळे.

घड्याळ आणखी एक चकवा देते. हिवाळ्यात शिकागो आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे असते. दुपारी बाराला निघून पंधरा तासांनी उतरणारा प्रवासी तेथे त्याच दिवशी दुपारचे साडेतीन वाजलेले पाहतो. इकडे मात्र पहाटेचे तीन झालेले असतात.

आपले अनेक माजी विद्यार्थी आज अमेरिकेत आहेत आणि त्यांचे वृद्ध आईवडील येथे. घरी कोणी आजारी पडले म्हणजे ‘किती वेळात पोहोचशील?’ हाच पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर तिकिटावरील दोन वेळांच्या वजाबाकीतून मिळत नाही. दोन्ही वेळा एकाच घड्याळात आणून, वाटेतील थांबा व विमानतळावरचे तास मिळवूनच ते द्यावे. उत्तर बहुधा एका दिवसाहून मोठे येते. तरीही वाट पाहणाऱ्यांना तेच खरे उत्तर सांगावे.