गांधीहत्या : कट किती मोठा?

गांधीहत्येमागे कट होता का, असं मला विचारतात. होता; तो न्यायालयात सिद्ध झालेला आहे. १० फेब्रुवारी १९४९ रोजी लाल किल्ल्यातल्या विशेष न्यायालयानं निकाल दिला, त्यात कटाचाच आरोप होता. तेव्हा ‘कट म्हटलं की भाकडकथा’ असं म्हणून आपल्याला सुटता येत नाही. खरा प्रश्न कटाच्या व्याप्तीचा. ती एक पायरी वाढवायची, तर त्या पायरीचा वेगळा पुरावा लागतो.

आता ती चौथी गोळी घ्या. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका आली, की नथुरामच्या तीन गोळ्यांशिवाय चौथी गोळी होती, म्हणजे दुसरा मारेकरी होता. एक आधार होता त्या वेळच्या काही वृत्तपत्रांचा. न्यायालयानं अमरेंद्र शरण यांना न्यायमित्र नेमलं, त्यांनी कागदपत्रं तपासली, फेरतपासाची गरज दिसत नाही असं कळवलं, आणि मार्च २०१८ मध्ये याचिका फेटाळली गेली. अहो, पोळ्याच्या गर्दीत बैल उधळला तर चार माणसं चार आकडे सांगतात! बातम्यांतली विसंगती हा प्रश्न झाला, उत्तर नव्हे. दुसरा मारेकरी म्हणता, तर तो उभा कुठे होता, आला कुणाबरोबर, गेला कसा? आणि ‘पुरावा नाही, म्हणजेच दडपला’ असं कुणी म्हणू लागला, की त्याला चूक ठरवण्याची सोयच उरत नाही. तिथं विचार थांबतो.

दहा दिवसांचं प्रकरण मात्र वेगळं आहे. २० जानेवारी १९४८ ला बिर्ला भवनात स्फोट झाला, मदनलाल पाहवा जागीच पकडला गेला. दुसऱ्याच दिवशी मुंबईत रुईया कॉलेजचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी मदनलालकडून आपण जे ऐकलं होतं ते मोरारजी देसाईंना सांगितलं. तरीही ३० तारखेला गोडसे त्याच आवारात पोचला. संशय येतो, यायलाच हवा. कपूर आयोगानं १९६९ च्या अहवालात पोलिसांवर ठपकाही ठेवला. पण ढिलाई सिद्ध झाली म्हणजे हेतू सिद्ध झाला असं नाही. ज्यांनी सातबाऱ्यासाठी कचेरीत खेटे घातलेत, त्यांना हे समजावून सांगायला नको.

सावरकरांचं काय, हे तुम्ही विचारणारच. माफीचा साक्षीदार बडगे याच्या साक्षीला स्वतंत्र दुजोरा नाही म्हणून ते सुटले. पुढे कपूर आयोगानं त्यांचे अंगरक्षक आणि सचिव यांचे पोलिसांपुढचे जबाब पाहिले. हे दोघे खटल्यात साक्षीला आलेच नव्हते. आयोगाचा निष्कर्ष सावरकर आणि त्यांच्या गटाविरुद्ध गेला. पण १९६६ मध्येच सावरकर वारले होते. उलटतपासणी कोण घेणार? सुटका आणि निष्कर्ष, दोन्ही सांगा. एकच सांगणारा वकिली करतो आहे असं समजा.

व्याप्ती वाढवण्याचा सगळ्यात भयंकर प्रकार तर कुठल्या पुस्तकात झालाच नाही. आपलं जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. तिकडे सातारा, सांगली, कोल्हापूर भागात मारेकऱ्याची जात कळली आणि ब्राह्मणांची घरं पेटली. त्यातल्या कितीतरी घरांनी गोडसे हे नाव त्याआधी ऐकलंही नसेल.