मालगाडी एक, रेल्वे दोन: डिझेल इंजिन नेमके कोणाचे?

लखनौ: लखनौ–कानपूर मार्गावरील अमौसी स्थानक उत्तर रेल्वेच्या अखत्यारीत येते. मात्र लखनौ शहरात उत्तर रेल्वे आणि पूर्वोत्तर रेल्वे या दोन्ही क्षेत्रीय रेल्वेंची विभागीय मुख्यालये आहेत. मालगाडी एका क्षेत्राची हद्द ओलांडून दुसऱ्या क्षेत्रात शिरली, तरी तिचे डिझेल इंजिन बदलावेच लागते असे नाही. कर्मचारी बदलतात, इंजिन पुढे जाते.

इंजिनाची मालकी मात्र निश्चित असते. क्षेत्रीय रेल्वेचे संक्षिप्त नाव आणि मूळ शेडचे नाव त्यावर रंगवलेले असते. लखनौमधील आलमबाग आणि महाराष्ट्रातील पुणे येथे अशी शेड आहेत. इंधन भरणे व किरकोळ तपासणी वाटेत होऊ शकते. मोठ्या नियतकालिक देखभालीसाठी इंजिनाला ठरलेल्या मुदतीत मूळ शेडकडे परतावे लागते.

त्यामुळे कोणते इंजिन कोठे आहे, याची नोंद नियंत्रण कक्षाला सतत ठेवावी लागते. मुदत उलटूनही इंजिन अडवून ठेवले, तर ते ऐन मार्गात बंद पडून मागील गाड्या खोळंबण्याचा धोका वाढतो. ते घाईने परत पाठवले, तर माल भरलेली गाडी यार्डातच उभी राहते.

विद्युतीकरणामुळे डिझेल इंजिनांची देशांतर्गत गरज घटत आहे. भारताने बांगलादेशाला २०२० मध्ये १० आणि २०२३ मध्ये २० ब्रॉडगेज डिझेल इंजिने दिली. हद्द ओलांडणाऱ्या या इंजिनांनी आता देशाची सीमाही ओलांडली आहे.