पुडीतला खाऊ आणि मनाची उभारी



अन्न गोड लागत नाही, झोप उडाली, कशात जीव रमत नाही, असे कोणी दोन आठवड्यांहून अधिक काळ सांगत राहिले, तर तो आळस समजू नका. तो नैराश्याचा आजार असू शकतो. त्याची कारणे पुष्कळ आहेत. ताटात काय पडते याचाही त्याच्याशी संबंध आहे काय, हे आता संशोधक तपासू लागले आहेत.

प्रक्रिया म्हटली की वाईट, असे मात्र मुळीच नाही. ज्वारी दळली, भाकरी थापली, कैरीचे लोणचे घातले, हीही प्रक्रियाच! ब्राझीलचे संशोधक कार्लोस मोंतेरो यांनी २००९ साली अन्नाची नवी वर्गवारी सुचविली. तिच्यातला शेवटचा वर्ग निराळा आहे. कारखान्यात धान्याचे, तेलाचे घटक सुटे करायचे आणि रंग, वास, चव आणणारी द्रव्ये घालून पुन्हा जोडायचे. रंगीत थंड पेये, वेफर्सचे भाऊबंद, झटपट शेवया, बरीचशी बिस्किटे या घरातली. पुडी उलटून मागचे बारीक अक्षर वाचा. स्वयंपाकघरात कधी न ऐकलेली नावे दिसली, की ओळख पटलीच.

अमेरिकेतील ३१ हजारांहून अधिक परिचारिकांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. असे पदार्थ सर्वांत जास्त खाणाऱ्या गटात नैराश्याचा धोका सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या सुमारे दीडपट आढळला. आता तुम्ही म्हणाल, माणूस आधी उदास होतो, मग चूल पेटवायचा कंटाळा येतो म्हणून पुडी फोडतो, असे कशावरून नसेल? शंका रास्त आहे. खाणे आणि आजार यांत चार वर्षांचे अंतर धरून हिशेब केला, तरी आकडा फारसा हलला नाही. तरीसुद्धा हा पुरावा संबंधाचा झाला, कारणाचा नव्हे.

ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका यांनी ६७ रुग्णांवर प्रयोग केला; तो २०१७ साली छापून आला. निम्म्यांना बारा आठवडे कडधान्ये, भाज्या, फळे असा आहार शिकविला. बाकीच्यांना नुसती गप्पांची सोबत दिली. आहारवाल्यांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा आजारातून बाहेर आला, दुसऱ्या गटात शंभरी आठ. प्रयोग लहान, पण दुर्लक्ष करावा असा नाही.

हे घडते कसे? आपल्या आतड्यांत असंख्य सूक्ष्म जीव राहतात. भाकरीतला, डाळीतला चोथा हे त्यांचे खाद्य. त्यातून ते शरीरातला दाह कमी करणारी द्रव्ये बनवतात. पुडीत चोथा नावालाच. वर साखर, मीठ, तेल भरपूर.

आपल्या जिल्ह्यात तर हे खाद्य घरचेच आहे. जामखेड-कर्जतकडची ज्वारी, हुलग्याचे शेंगोळे, अकोल्याच्या डोंगरातला वाल. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असलेच गावरान बियाणे जपले आणि २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचे नाव आले.

पुडी बंद केल्याने कर्ज फिटत नाही, की पाऊस पडत नाही. दुष्काळाने खचलेल्या माणसाला ‘भाकरी खा, बरा होशील’ म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. डॉक्टरांचे औषध चालू असेल, तर ते आपल्या मनाने सोडू नका. मन फारच खचले, तर १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येते.

आणि गुरुजी, २०२० च्या नियमांनुसार जादा साखर, मीठ, चरबी असलेला माल शाळेत आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत विकता येत नाही. तेवढे अंतर एकदा पावलांनी मोजून पाहा.