आधी वादक, मग वाद्य

गणपतीच्या आधी लालबाग-परळमध्ये ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो, तेव्हा नवख्या मुलांकडे पाहावे. त्यांच्या कमरेला लगेच ढोल बांधत नाहीत. ठेका आधी कानात आणि टाळीत बसवतात, मग हातात टिपरू येते आणि ढोलाचे वजन सगळ्यात शेवटी. पुढे उभा असलेला ताशेवादक लय धरतो. त्याच्या इशाऱ्यावर सगळे ढोल एकदम हात बदलतात, एकदम थांबतात. चुकलेला मुलगा शेजारच्याचे टिपरू पाहून पुढच्या आवर्तनात पुन्हा लयीत येतो. वाद्ये थोडी, जाणते त्याहून थोडे, तरी पोरे तयार होतात. खेड्यातल्या शाळांत तालवाद्य पोचवायचे म्हणजे तबल्याच्या जोड्या वाटायच्या, हा समज म्हणूनच मला पटत नाही. खरी उणीव शिकवणाऱ्याची असते, आणि शिकवू शकेल असा माणूस पुष्कळदा त्याच गावात असतो.

याच लालबाग-परळच्या गिरणगावाने याचा पुरावा ठेवला आहे. कोकणातून गिरण्यांत आलेल्या कामगारांनी आपले भजन सोबत आणले. पाळी संपली की चाळीच्या खोलीत बुवांची पेटी, पखवाज आणि झांजा निघत. पखवाजीशेजारी मांडीला मांडी लावून बसलेली पोरे थाप, खुला हात, ठेका भरणे तिथेच उचलत. १९८२च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबत गेले, कुटुंबे विरार-डोंबिवलीकडे पांगली, पण भजनी मंडळे आणि दोन बुवांच्या भजनांचा सामना, म्हणजे डबलबारी, टिकली. कारण त्यांचे शिक्षण कुठल्या इमारतीवर किंवा अनुदानावर उभे नव्हते. आजही कोकणातल्या कितीतरी गावांत देवळात पखवाज असतो, तो वाजवणारा असतो, आणि थोड्याच अंतरावर जिल्हा परिषदेच्या शाळेत संगीताला शिक्षक नसतो. अशा शाळेला नुसता तबला दिला तर पावसाळ्यात पुडी उतरते, वाद्या सैल पडतात, आणि सुरात लावून देणारा कोणी नसल्याने जोडी कपाटात जाते. दुरुस्तीची तरतूद नसेल तर ती खरेदी न केलेली बरी, इतक्या स्पष्टपणे हे म्हणायला हवे.

यावर पहिला आक्षेप शास्त्राचा येतो: मंडळातला पखवाजी शास्त्र कसे शिकवणार? पण तालशास्त्राची पहिली पायरी तोंडाने बोल म्हणणे हीच आहे. सहा मात्रांचा दादरा, आठांचा केरवा, सोळांचा त्रिताल आणि त्याची नवव्या मात्रेवरची खाली, हे सारे पढंत आणि टाळीने चाळीस मुलांना एकत्र शिकवता येते. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१मध्ये लाहोरला आणि १९०८मध्ये मुंबईत गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा घराण्याबाहेरच्या मुलांनाही क्रमवार शिकता आले. ‘प्रारंभिक’पासून ‘विशारद’पर्यंतच्या परीक्षांची वाट त्याच परंपरेतली; पण तिथवर पोचायला जवळ वर्ग लागतो. दादर-गिरगावात तो मिळतो, वाडीवस्तीवर नाही. दहावीला कलेसाठी मिळणारे वाढीव गुणही मग क्लासची फी भरू शकणाऱ्यांकडेच अधिक जातात. मोबाइलवरचे धडे उपयोगी आहेत, तरी बोट चाटेवर नेमके कुठे पडते आणि मनगट कुठे ताठते, हे समोर बसलेल्यालाच दिसते.

गोंगाटाचा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. बंद वर्गात ढोल-ताशा कानांना अपायकारक ठरतो. तो मैदानातच हवा. वर्गात ढोलकी, दिमडी, पखवाज पुरे. त्याहून अवघड अडचण जातीची आहे. हलगी आणि संबळ वाजवणाऱ्यांकडे पिढ्यांचे ज्ञान आहे, पण गावाने त्यांना मिरवणुकीपुढे आणि जागरण-गोंधळातच पाहिले; शाळेत शिक्षक म्हणून त्यांना खुर्ची क्वचितच मिळाली. आठवड्याला दोन तासिका, ठरलेले मानधन, हजेरीपटावर नाव आणि वर्षातून एकदा वाद्यदुरुस्तीचे पैसे एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. मुलींनाही याच तासिकेत बसवावे. मुंबई-पुण्याच्या पथकांत त्या ढोल आणि ताशा दोन्ही वाजवतात, तेव्हा हातात जोर नसल्याची सबब उरलेली नाही.