ढगाळ हवामान, वळीव आणि शेततळ्यातील मासे : पहाटेचा प्राणवायू कसा सांभाळावा?

‘काल संध्याकाळपर्यंत मासे चांगले खात होते, आज सकाळी जाऊन बघतो तर निम्मे तळे पांढरे झालेले. पाण्यात कुणी काही टाकले असेल का?’ वळवाच्या पावसानंतर आणि परतीच्या पावसात असे फोन हमखास येतात. बहुतेक वेळा पाण्यात कुणी काही टाकलेले नसते. आदले दोन दिवस आभाळ भरलेले असते, खाद्य मात्र नेहमीइतकेच पडलेले असते आणि पहाटे पाण्यातील प्राणवायू संपलेला असतो.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, खानापूर, तासगाव, तसेच माण आणि खटाव या भागांत द्राक्ष, डाळिंब आणि फळबागांसाठी कागद अंथरलेली शेततळी मोठ्या संख्येने आहेत. त्यांतील अनेक तळ्यांत आता रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस किंवा तिलापिया सोडले जातात. पाणी बागेसाठी आणि मासे जोडउत्पन्नासाठी, असा हा व्यवहार आहे. मात्र हवामान पाहून बागेची काळजी घेणारा शेतकरी त्याच दिवशी तळ्याकडे पाहायचे विसरतो. हवामानाचा माशांवर परिणाम नेमका कसा होतो, हे समजून घेतले तर मोठे नुकसान टाळता येते.

ट्राउट आपल्याकडे का होत नाही?

काही शेतकरी हिमाचल किंवा काश्मीरमधील ट्राउट पालन पाहून ‘महाबळेश्वर, पाचगणीला हा मासा का नको?’ असे विचारतात. याच्या उत्तरात हवामान आणि मासे यांचे मूळ नाते दडलेले आहे. ट्राउटला साधारण १० ते १८ अंश सेल्सिअस तापमानाचे, सतत वाहते आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते. दक्षिण भारतात तो निलगिरी आणि मुन्नारच्या उंच डोंगरांत, सुमारे दोन हजार मीटर उंचीच्या आसपासच्या थंड पाण्यात टिकला. महाबळेश्वरची उंची सुमारे १,३५० मीटर आहे. तेथील उन्हाळ्यात पाणी ट्राउटला मानवेल इतके थंड राहत नाही. खाली माण किंवा जतला तर प्रश्नच येत नाही.

पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. समुद्रसपाटीला १५ अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात प्रति लिटर सुमारे १० मिलिग्रॅम, २५ अंशाला सुमारे ८.३, तर ३० अंशाला सुमारे ७.६ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. आपला भाग समुद्रसपाटीपासून उंच असल्याने हे आकडे येथे आणखी थोडे कमी भरतात. त्याच वेळी पाणी गरम झाले की माशांची प्राणवायूची गरज वाढते. म्हणजे उन्हाळ्यात साठा कमी आणि मागणी जास्त.

रोहू, कटला, मृगळ हे उष्ण पाण्यातील मासे आहेत. २५ ते ३२ अंश तापमान त्यांना मानवते. तरीही प्राणवायूचा नियम त्यांनाही लागू आहे. पाण्यात प्रति लिटर ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त प्राणवायू असल्यास मासे चांगले वाढतात. ३ मिलिग्रॅमच्या खाली ते खाणे सोडतात, ताणाखाली येतात. १ ते २ मिलिग्रॅमवर काही तास राहिल्यास मरतुक सुरू होते.

पहाटच धोक्याची का?

तळ्यातील बहुतांश प्राणवायू पाण्यातील सूक्ष्म शेवाळ, म्हणजे वनस्पती प्लवंग तयार करतात. त्यासाठी त्यांना ऊन लागते. दिवसभर प्राणवायू वाढत जातो आणि दुपारी उशिरा तो सर्वांत जास्त असतो. सूर्य मावळला की निर्मिती थांबते. रात्रभर मासे, जिवाणू आणि तेच शेवाळ प्राणवायू वापरत राहतात. त्यामुळे सूर्योदयाच्या थोडे आधी प्राणवायू सर्वांत कमी असतो.

याचा अर्थ असा, की पाणी जितके गर्द हिरवे तितका दिवसा प्राणवायू भरपूर आणि रात्री घट मोठी. ऊन पडत असेपर्यंत हे गणित जमते. ढग आले की बिघडते.

हवामानाचे चार प्रसंग

१) सलग ढगाळ दिवस : दोन-तीन दिवस ऊन मिळाले नाही की दिवसाची निर्मिती घटते, रात्रीचा खर्च मात्र तेवढाच राहतो. प्रत्येक पहाट आदल्या पहाटेपेक्षा वाईट असते. शेवाळ एकदम मेले तर पाणी हिरव्याचे तपकिरी किंवा अचानक नितळ दिसते. मेलेले शेवाळ कुजतानाही प्राणवायू खाते. या काळात वारा पडलेला असेल तर धोका आणखी वाढतो, कारण वाऱ्याच्या लाटांनी हवेतून मिसळणारा प्राणवायूही मिळत नाही.

२) वळीव : एप्रिल-मेमध्ये खोल शेततळ्यात पाण्याचे दोन थर पडतात. वरचे पाणी गरम आणि प्राणवायूयुक्त, खालचे थंड आणि प्राणवायू नसलेले. ऊन वरच्या मीटर-दीड मीटरपर्यंतच पोहोचते. तळाशी विष्ठा, उरलेले खाद्य आणि गाळ कुजत असतो. वळवाचा थंड पाऊस किंवा गारा पडल्या की वरचे पाणी थंड होऊन जड होते, खाली जाते आणि तळाचे खराब पाणी वर मिसळते. काही तासांत संपूर्ण तळ्यातील प्राणवायू खाली येतो. पावसाने तापलेल्या बागेला दिलासा मिळालेला असतो, पण तळ्यासाठी ती रात्र जागण्याची असते.

३) थंडी : डिसेंबर-जानेवारीत पाण्याचे तापमान २० अंशांच्या खाली गेले की कार्प माशांची भूक मंदावते. खाद्य तेवढेच टाकत राहिल्यास ते तळाशी साचते आणि त्याचा हिशेब उन्हाळ्यात चुकवावा लागतो. याच काळात अंगावर लाल चट्टे किंवा जखमा दिसू लागतात. अशा वेळी भुवनेश्वर येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संशोधन संस्थेने (सीफा) विकसित केलेले सिफॅक्स हे औषध तज्ज्ञांच्या सल्ल्याने वापरता येते.

४) पूर आणि अतिवृष्टी : २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णा, वारणा काठाने पूर पाहिला. नदी, ओढ्याजवळच्या तळ्यात पुराचे पाणी शिरले की पाळलेले मासे बाहेर जातात आणि मरळीसारखे भक्षक मासे आत येतात. पावसाळ्यापूर्वी बांधाची उंची वाढवावी, सांडव्याला जाळी बसवावी. ओढ्याचे गढूळ पाणी थेट तळ्यात घेऊ नये. माती कल्ल्यांत बसते आणि ऊन आत शिरत नाही.

द्राक्ष पट्ट्यातील दुहेरी धोका

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ढगाळ हवामान आले की द्राक्ष बागेत डाउनीच्या भीतीने फवारण्या वाढतात. म्हणजे ज्या दिवशी माशांना प्राणवायू कमी पडत असतो, त्याच दिवशी तळ्याच्या आजूबाजूला सर्वाधिक औषध उडत असते. मोरचूद आणि बोर्डो मिश्रण माशांना घातक आहेच, शिवाय ते शेवाळ मारते. पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके तर अत्यंत कमी प्रमाणातही माशांना मारक ठरतात. म्हणून :

- फवारणी पंप, टाकी, बादल्या तळ्याच्या बांधावर धुऊ नयेत.
- वारा तळ्याच्या दिशेने असताना तळ्याजवळच्या ओळी फवारू नयेत.
- बागेतून वाहणारे पाणी तळ्यात येणार नाही अशी चर काढावी.
- औषधाने मासे मेल्याचा संशय असल्यास ते विकू नयेत आणि खाऊही नयेत.

पहाटेचा अंदाज रात्री दहालाच कसा काढावा?

प्राणवायू मोजण्याचे साधे किट किंवा मीटर गावातील तीन-चार तळेधारकांनी मिळून घेतले तरी चालते. सूर्यास्तानंतर दोन वेळा मोजणी करावी. उदाहरणार्थ, सायंकाळी ७ वाजता प्राणवायू ८ मिलिग्रॅम आणि रात्री १० वाजता ६.५ मिलिग्रॅम आला. म्हणजे तीन तासांत १.५, तासाला अर्धा मिलिग्रॅम घट. याच वेगाने पहाटे ३ वाजता ४ आणि सकाळी ६ वाजता २.५ मिलिग्रॅम उरेल. म्हणजे रात्री २ वाजताच एरिएटर किंवा पंप सुरू झाला पाहिजे. रोज मोजायची गरज नाही. मात्र ढगाळ दिवसांत आणि वळवानंतर जरूर मोजावे.

किट नसल्यास हाताने पारदर्शकता पाहावी. हात सरळ पाण्यात घालून कोपरापर्यंत बुडवल्यावर तळवा दिसेनासा झाला, तर पाणी ठीक आहे. पारदर्शकता ३० ते ४० सेंटिमीटर असावी. मनगट बुडताच तळवा दिसेनासा झाला, तर शेवाळ जास्त झाले आहे, खाद्य आणि शेणखत लगेच थांबवावे.

पहाटे बॅटरी घेऊन तळ्यावर एक चक्कर मारावी. मासे पाण्याच्या पृष्ठभागावर तोंड वर काढून हवा घेत असतील, पाणी पडते त्या ठिकाणी गोळा झाले असतील, किंवा गोगलगायी कडेला वर चढल्या असतील, तर प्राणवायू संपत आल्याची ती खूण आहे. ऊन वर आल्यावर मासे पुन्हा खाली जातात आणि आपल्याला सारे ठीक वाटते. पण दुसऱ्या पहाटे तीच स्थिती अधिक वाईट होऊन येते.

एका तळ्याचे गणित

३० बाय ३० मीटर, म्हणजे सुमारे ९ गुंठ्यांचे तळे धरू. त्यात अर्धा किलो वजनाचे ८०० मासे असतील तर एकूण ४०० किलो मासे झाले. वजनाच्या २ टक्के दराने रोज ८ किलो खाद्य लागते. तीन ढगाळ दिवस खाद्य निम्मे केले तर १२ किलो खाद्य वाचते आणि वाढ थोडी मागे पडते. निम्मे केले नाही आणि पहाटे प्राणवायू संपला, तर ४०० किलो मासे एका रात्रीत जातात. मोठे मासे आधी मरतात, म्हणजे विक्रीला आलेलाच माल आधी जातो.

याला जोडून आणखी एक गोष्ट. मार्च ते मे दरम्यान बागेला पाणी देताना तळ्याची पातळी खाली जाते आणि नेमके याच वेळी माशांचे वजन सर्वाधिक असते. कमी पाण्यात जास्त मासे, गरम पाणी आणि वर वळीव, असा योग जुळून येतो. म्हणून मोठे मासे फेब्रुवारी-मार्चपर्यंत टप्प्याटप्प्याने काढून विकावेत. शेवटपर्यंत थांबून वजन वाढवण्याचा मोह टाळावा.

ढगाळ दिवसांत काय करावे?

- पहिल्या ढगाळ दिवशी खाद्य निम्मे करावे. दुसऱ्या दिवशीही ऊन नसेल किंवा मासे पहाटे वर येत असतील तर पूर्ण बंद करावे. दोन-तीन दिवस खाद्य न मिळाल्याने मासे मरत नाहीत.
- खाद्य सकाळी ऊन वर आल्यावर द्यावे, सायंकाळी देऊ नये.
- शेणखत आणि रासायनिक खत टाकणे थांबवावे.
- जाळे टाकणे, मासे मोजणे, बोटुकली सोडणे पुढे ढकलावे.
- एरिएटर रात्री २ ते सकाळी ७ चालवावा. थ्री फेज वीज त्या आठवड्यात दिवसा आहे की रात्री, हे आधी पाहावे. रात्री वीज नसेल तर डिझेल पंप आणि तेल तयार ठेवावे.

मासे वर आलेच तर

- पंपाने तळ्यातीलच पाणी उचलून फवाऱ्यासारखे परत तळ्यात सोडावे. फूट व्हॉल्व्ह तळाशी ठेवू नये. रिकाम्या कॅनला बांधून तो पृष्ठभागाखाली अर्धा ते एक मीटरवर तरंगता ठेवावा, म्हणजे तळाचे खराब पाणी ढवळले जाणार नाही.
- बोअरचे पाणी सोडायचे असल्यास ते उंचावरून, दगडावर किंवा छिद्रांच्या पत्र्यावर आदळून सोडावे. जमिनीखालच्या पाण्यात प्राणवायू फारच कमी असतो. पाइप थेट तळ्यात बुडवून सोडल्यास फायदा होत नाही.
- पोटॅशियम परमँगनेटवर विसंबू नये. त्याने पाण्यातील प्राणवायू भरून येत नाही.
- मेलेले मासे लगेच काढून तळ्यापासून दूर, चुना टाकून पुरावेत.
- ऊन पडल्यावरही लगेच पूर्ण खाद्य सुरू करू नये. सलग दोन दिवस पहाटे मासे शांत दिसल्यावर पाव हिश्शाने वाढवत जावे.

हवामानाचा अंदाज आपण बागेसाठी रोज पाहतो. तोच अंदाज पाहताना एक प्रश्न तळ्यासाठीही विचारावा : उद्या ऊन आहे का? नसेल, तर आज संध्याकाळचे खाद्य गोणीतच राहू द्या आणि पहाटेचा गजर लावून झोपा.