डिस्क तपासली, निकाल कुठे पाहावा?

संगणक सुरू होताना विंडोज कधी कधी हार्ड डिस्कची तपासणी करते. आकडे झरझर सरकतात आणि ते वाचून होण्यापूर्वीच डेस्कटॉप समोर येतो. हा अहवाल मात्र नाहीसा होत नाही. त्याची नोंद संगणकातच राहते.

ती पाहण्यासाठी स्टार्ट मेनूतून ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडावे. डावीकडील ‘विंडोज लॉग्ज’मध्ये ‘अ‍ॅप्लिकेशन’ निवडून ‘विनइनिट’ या स्रोताची १००१ क्रमांकाची नोंद शोधावी. विंडोज एक्सपीमध्ये ही नोंद ‘विनलॉगऑन’ या नावाखाली होत असे.

अहवाल लांबलचक असला तरी त्यातील दोन बाबी महत्त्वाच्या. पहिली, फाइल सिस्टिममध्ये दुरुस्ती केल्याचा उल्लेख. वीज अचानक गेल्यानेही असे दोष उद्भवतात. एखाद्या वेळी तसे आढळल्यास घाबरण्याचे कारण नाही. दुसरी, ‘बॅड सेक्टर्स’चा आकडा. डिस्कचा तेवढा भाग निकामी ठरवून वापरातून वगळला आहे, असा त्याचा अर्थ.

येथे शून्य दिसले तरी निश्चिंत होऊ नये. ‘एफ’ पर्यायाची तपासणी केवळ फाइलींच्या नोंदी पाहते. डिस्कचा पृष्ठभाग तपासायचा तर ‘आर’ हा पर्याय द्यावा लागतो. या तपासणीला कित्येक तास लागू शकतात आणि दुबळ्या डिस्कवर तिचा ताणही पडतो. म्हणून छायाचित्रे व कागदपत्रांची प्रत आधी अन्यत्र काढून ठेवावी. बॅड सेक्टर्सचा आकडा दर तपासणीत वाढत असेल, तर दुरुस्तीत वेळ न दवडता डिस्क बदलणेच श्रेयस्कर.