अतिविष : बाळगुटीतील कडू मुळी



बाळगुटीत वेखंड, मुरडशेंग, हळकुंडासोबत अतिविष असते. हिमालयात उंचावर उगवणाऱ्या वनस्पतीची ही अत्यंत कडू मुळी. सहाणेवर एकदोन वळसे उगाळून ताप, जुलाब, पोटदुखीवर चाटवण्याची रीत आहे.

मात्र तिचाच भाऊबंद बचनाग जहाल विषारी आहे. चीनमध्ये त्याच जातकुळीची ‘फूत्झी’ मुळी बराच वेळ उकळून, विष उतरवूनच वापरतात. मुळ्यांची अदलाबदल जिवावर बेतू शकते. चाखून पारखणेही धोक्याचे.

म्हणून आम्ही विनंती करतो : अनोळखी सुटी मुळी घेऊ नये. पहिले ६ महिने बाळाला फक्त आईचेच दूध द्यावे. पुढेही गुटी डॉक्टरांना विचारूनच द्यावी. जुलाब लागल्यास आधी दवाखाना गाठावा.